लेकीच्या दारातली मेटॅडोर

आबा, तुमच्या तेराव्याला पंगती उठल्यावर माणसं ओट्यावर पान खात बसली होती आणि तुमचे गुण गात होती. केळीच्या बागेबद्दल बोलून झालं, तुमच्या शब्दाला जागण्याबद्दल झालं, आणि मग कुणीतरी म्हणालं, "लेकीच्या घरी एवढ्या खेपा मारल्या, पन तिच्या घरचं घोटभर पानी नही पेले आबा. अशी मानसं आता कुठी राह्यली?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आत ताटं पुसत होते. हातातलं ताट जरा जोरातच खाली आदळलं. माझ्या भावाच्या, मधूच्या बायकोला वाटलं मला भरून आलं, म्हणून ती बिचारी धावत आली. भरून वगैरे काही आलं नव्हतं. संताप झाला होता.

ज्या गोष्टीवरून मी तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडले, तीच आता तुमचं पुण्य म्हणून सांगितली जाणार. मधू आपल्या पोरांना सांगेल, ती आपल्या पोरांना सांगतील. मला उठून "खोटं आहे" असंही म्हणता येईना, कारण ते खरंच आहे. नाहीच प्यालात तुम्ही. पण का नाही प्यालात, हे त्या ओट्यावरच्या एकालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि तेसुद्धा तुमच्या गाडीत गॅस गळत होता म्हणून. नाहीतर तुम्ही जन्मात बोलला नसतात.

रीत तशी आपल्यात सगळ्यांचीच. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बाकीच्यांचं काय जातं? वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलतो, बाप टोपी सारखी करून येतो आणि जावयाच्या शेजारी पाटावर बसून जेवतो. रीत आपोआप सुटते. माझ्या घरी पाळणा हलला नाही, म्हणून तुमची रीत सुटली नाही. आई होती तेव्हा तुम्ही दोघं फैजपूरहून एस.टी.ने निघून साक्रीला यायचात, माझ्या ओसरीवर बसून घरून आणलेल्या दशम्या खायचात, फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी प्यायचात आणि लगेच परत निघायचात. रात्र धुळ्याच्या स्टँडवर काढायचात. लेकीचं घर असताना स्टँडवर, बाकड्यावर, आईची गुडघेदुखी घेऊन! मी आईला म्हणायचे, तू तरी काही बोल. ती म्हणायची, "त्याहीले कोन सांगीन माय?" मला वाटायचं, कुणीतरी सांगायला हवं. पुढे आई गेली आणि ते काम माझ्या एकटीवर पडलं.

आखाजीला मी माहेरी यायचं सोडलं, तेही का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण तुम्हाला ते माहीत होतं. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण. गावातल्या सगळ्या लेकी आलेल्या, झोके बांधलेले, गाणी चाललेली. आणि झोक्यापाशी उभी राहिलेली प्रत्येक बाई माझ्या पोटाकडे बघून विचारणार, "यंदा तरी काही?" एक वर्ष ऐकलं, दोन वर्षं ऐकलं, मग मी शाळेचं काम पुढे केलं. शिक्षिकेला कारणांना काय तोटा? मधूला पत्र टाकलं की सुट्टीतही कामं आहेत. तुम्ही ते वाचून घेतलंत आणि गप्प बसलात.

आणि मग मेटॅडोर आणलीत.

आबा, त्या गाडीबद्दल तेव्हा जे बोलले ते मी आजही मागे घेणार नाही. एका बँडवाल्याची जुनी गाडी. तुम्ही वरून पांढरा रंग मारलात, पण एकच हात मारलात. उन्हात उभी राहिली की खालची तांबडी अक्षरं वर यायची आणि "ब्रास बँड" असं लांबून वाचता यायचं. आत एका बाजूला झोपायचं बाकडं, त्याखाली घरचं दुसरं सिलिंडर, समोरच्या कप्प्यात शेगडी, मागे पाण्याचं पिंप, आणि उरलेल्या जागेत केळीचे घड. ट्रॅक्टरची सवय असलेल्या हातांनी ती गाडी चालवत तुम्ही थेट माझ्या दारात आलात आणि विजयी मुद्रेने म्हणालात, "आता चार दिवस राहीन. मह्या घरात राहीन, मह्या घरचं खाईन."

चार दिवस! माझ्या दारात बँडची गाडी उभी, त्यात माझा बाप भाकरी थापतोय, आणि मी ओसरीवरून बघतेय. गल्लीतली पोरं विचारायला आली, लग्न कुणाचं? समोरच्या ताराबाई तर सरळ म्हणाल्या, "ताई, तुमना आबा घरमा काब्रं येत नही?" त्यांना कारण माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी वर्षं जी गोष्ट मी घराच्या भिंतीआड ठेवली होती, तिला तुम्ही चाकं लावून रस्त्यावर आणून उभी केलीत. मी आमच्या ह्यांच्याजवळ रडले. हे म्हणाले, "अगं, ते तुला भेटायला येतात." जावयाला काय जातंय बोलायला!

तरी दर आखाजीला तुम्ही येत राहिलात, आणि मी दर आखाजीला चिडत राहिले, आणि गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की सगळ्यात आधी बाहेर मीच यायचे. ते असो.

गॅस गळला त्या वर्षी तुम्ही गाडीची सगळी दारं-काचा लावून सकाळी नदीवर आंघोळीला गेलात. वैशाखात नदीला पाणी किती, तर म्हशी बसतील एवढं. माझ्या घरचं पाणी अंगावर घेतलं तर चुकून तोंडात जाईल, ही तुमची भीती. तुम्ही ओलं धोतर खांद्यावर टाकून परत आलात, गाडीचं दार उघडलंत, आत चढलात आणि काड्यापेटी हातात घेतलीत. मी नेहमीप्रमाणे "चहा टाकू का?" हा फुकटचा प्रश्न विचारायला दाराशी आले होते, आणि माझ्या नाकात तो वास घुसला. डोकं बाजूला करावं इतका.

"आबा, काडी ओढू नका! गॅसचा वास येऊ रायला."

"मले तं काही येत नही."

"तुम्हाले कसा येईन? तपकीर ओढू ओढू नाक मेलं तुमचं."

"अवं, मागं केयी पिकू रायली. तिचा वास हाये तो."

केळी पिकायचा वास मला ओळखू येत नाही का, आबा? मी त्याच वासात जन्मले. वाद घालायला वेळ नव्हता. मी आत वाकून तुमच्या हातातली पेटी हिसकावली आणि गटारात फेकली. तर तुम्हाला दुःख कशाचं? "नवी पेटी व्हती!" गाडीत गॅस साठलाय, शेजारी घरं आहेत, गल्लीत पोरं खेळताहेत, आणि हा माणूस काड्यापेटीचा शोक करतोय. तो तुमचा चेहरा मला अजून दिसतो. लहान पोराच्या हातून खाऊ काढून घ्यावा तसा.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी रेग्युलेटर बंद केला, सगळी दारं उघडी टाकली, तुम्हाला हाताला धरून खाली उतरवलं. गॅस जड असतो, तो खाली, फळ्यांच्या बुडाशी जाऊन बसतो, म्हणून आम्ही बराच वेळ कुणालाच आत चढू दिलं नाही. मग सिलिंडर आणि शेगडी तशीच जोडलेली उघड्या दाराशी ओढून घेऊ, आणि साबणाचा फेस लावून बघू, असं ठरलं. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. ह्यांनी आपला दाढीचा ब्रश आणला. मी तांब्याभर पाणी आणलं.

आणि तुम्ही आडवा हात धरलात. "ते पानी नको. मह्या पिंपातलं घ्या."

माझं डोकंच फिरलं. "तुमचा पाइप काय पानी पेते का आबा?"

"त्याच पाइपानं मही चूल पेटते ना? तिच्यावर मही भाकर व्हते ना?"

ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि निमूट तुमच्या पिंपातलं पाणी घेतलं. तुमच्या पाण्याने, जावयाच्या साबणाने, फेस झाला. रेग्युलेटर पुन्हा उघडून आधी सिलिंडरच्या तोंडाला लावला, काही नाही. रेग्युलेटरच्या बाजूने लावला, काही नाही. नळी शेगडीला जिथे बसते तिथे बारीक बुडबुडे आले. तिथली क्लिप ढिली होती. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरने ती आवळली आणि तुम्ही टाळी वाजवल्यासारखे हात झटकलेत. "झालं! एवढ्यासाठी मही पेटी फेकली." वर म्हणालात, "एक डाव काडी लावून पाहू." खरंच म्हणालात, आबा. मी किंचाळले ते ताराबाईंनी ऐकलं.

पण नळीची मधली लांबी मात्र बाहेर आली नव्हती. ती बाकड्याखालच्या पत्र्याच्या भोकातून ओवलेली होती आणि तुम्ही म्हणत होता, ती काढू नका, ती पक्की बसलीय. मी आत चढायला गेले तर तुम्ही दारातच उभे. डावीकडून गेले, तुम्ही डावीकडे. उजवीकडून गेले, तुम्ही उजवीकडे. "तिठी काही नही," तुम्ही म्हणालात, आणि मला कळलं की तिथेच काहीतरी आहे. तुम्हाला धड खोटंही बोलता यायचं नाही.

पत्र्याचं भोक तुम्ही घरीच पाडलेलं. कड तशीच धारदार. प्रत्येक धक्क्याला ती कड नळी चिरत गेली होती. आणि त्या चिरेवर गुंडाळलेली होती धोतराची चिंधी, काळी, चिकट, वाळून कडक झालेली. मी हाताने चाचपली आणि ओळखलं. केळीचा चीक! मग तुम्हाला कबूल करावंच लागलं: येताना वाटेत पारोळ्याजवळ शेगडीचा जाळ बारीक झाला म्हणून तुम्ही वाकून बघितलंत, चीर दिसली, आणि गळता गॅस तुम्ही घडाच्या देठातून निघालेला चीक लावून बंद केलात. एकदा कपड्याला लागला की धोतर फाटेल पण निघायचा नाही, एवढ्या तुमच्या विश्वासावर. जगात आणखी कुणी असं केलं असेल असं मला वाटत नाही. ते करायला केळीवालाच पाहिजे, आणि त्यातही माझा बाप पाहिजे.

त्या चिंधीला फेस लावला तर लिंबाएवढे बुडबुडे उठले. त्या बाकड्यावर तुम्ही आदल्या रात्री झोपला होता. काचा उघड्या होत्या म्हणून वाचलात, नाहीतर ह्या ओळी मी फार आधी लिहिल्या असत्या.

"मधूले सांगितलं नही काहून?" मी विचारलं.

"त्याले सांगितलं असतं तं त्यानं येऊ देलं असतं का मले?"

ह्यांनी सिलिंडर बंद केलं आणि नवी नळी आणायला बाजारात गेले. दुकानदार दोंडाईच्याला लग्नाला गेलेला, संध्याकाळी येणार. म्हणजे दिवसभर तुमची शेगडी बंद. मी मनात म्हटलं, आता कुठे जाल? घरात मी आमरस केला होता, खापरावरची पुरणाची पोळी केली होती, रशी केली होती. सण होता. पाट मांडला, ताट वाढलं आणि बाहेर येऊन सांगितलं. तुम्ही गाडीच्या पायरीवर बसून केळं सोलत होता. मान न उचलता म्हणालात, "तुम्ही जेवा."

मग मात्र माझा तोल गेला. आबा, मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्हीही विसरला नसाल. म्हटलं, रीत, रीत काय लावलीय? मेलात तरी चालेल, पण माझ्या घरात पाय दुमडून जेवायचं नाही? म्हटलं, मला मूल होणार नाही. डॉक्टरने कधीच सांगितलंय. ह्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग तुम्ही कशाची वाट बघताय? कधी पिणार माझ्या घरचं पाणी?

तुम्ही केळं खाली ठेवलंत. आधी वाटलं चिडाल. तुम्ही हळू आवाजात बोललात, जसे आईशी बोलायचात तसे.

"रीत गेली खड्ड्यात, पोरी. ज्या दिवशी म्या तुह्या घरचं पानी पेलं ना, त्या दिवशी म्या आस सोडली असं व्हईन. मी नही सोडनार."

मला वाटत होतं की तुम्ही लोकांना भिता, धर्माला भिता. तुम्ही कशालाच भीत नव्हता. तुम्ही उपाशी बसून माझ्यासाठी मूल मागत होता, एवढंच. मला रडू आलं, आणि खरं सांगते आबा, त्याहून जास्त राग आला. कारण ती आस मी सोडली होती. मोठ्या कष्टाने सोडली होती, रोज थोडी थोडी, शाळेतल्या पोरांची नाकं पुसत. मला कुणीतरी एकाने म्हणायला हवं होतं, की बाई, नाही झालं तर नाही झालं, वाढ मला. ते तुम्ही म्हणावं अशी माझी इच्छा होती. तुम्ही म्हणाला नाहीत. मी तुम्हाला हे तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुमचं ते वाक्य ऐकल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होते? तुमची आस माझ्या दारात उभी राहायची, दरवर्षी, पांढऱ्या रंगाखालून तांबडी अक्षरं दाखवत, आणि मी ती हाकलूही शकत नव्हते.

त्या दुपारी आम्हीही जेवलो नाही. ताटं झाकून ठेवली. ह्यांनी गंमत करायचा प्रयत्न केला की सासऱ्याच्या हट्टापायी जावयाची आखाजी बुडाली, पण कुणी हसलं नाही. संध्याकाळी नळी आली. ह्यांनी तिची टोकं गरम पाण्यात धरून मऊ केली (पाणी तुमच्याच पिंपातलं, मी काही बोलले नाही) आणि दोन्हीकडे दाबून बसवून क्लिपा आवळल्या. पत्र्याच्या धारेला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवला, म्हणजे पुन्हा नळी चिरायची नाही. पुन्हा सगळीकडे फेस लावला. एकही बुडबुडा नाही. तुम्ही स्वतः वाकून, नळीवर नाक टेकवून वास घेतलात. तुमचं ते नाक! मी हसले, आणि दुपारच्या भांडणानंतर तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी बोललात.

"ये वर. चहा कर."

मी गाडीत चढले. तुमची शेगडी, तुमचं दूध, तुमचं पाणी. काडी मी ओढली. चहा झाला, तुम्ही बशीत ओतून प्यालात, मला कपात दिलात. मग तुमच्या पिठाच्या डब्यातून पीठ काढून मी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी थापल्या आणि आपण दोघं त्या बाकड्यावर बसून जेवलो. मधूने वांगी दिली होती, त्यांचं भरीत केलं. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि तुम्ही मला आईच्या हातच्या भरितात काय असायचं ते सांगत होता. मला एकदम जाणवलं की मी माहेरी जेवतेय. आखाजीला, बापाच्या घरी, स्वतःच्या दारात. इथे पोटाकडे बघणारं कुणी नव्हतं. ह्याचसाठी तुम्ही ती गाडी आणली होती का? मी विचारलं नाही. त्या गाडीबद्दल मी तुम्हाला नको नको ते बोलले, पण ती आणल्याबद्दल एकदाही बरं बोलले नाही. आज बोलते. बरं केलंत, आबा. रंगाचे मात्र दोन हात मारायचे होते.

त्यानंतरही तुम्ही येत राहिलात. माझे केस पिकायला लागले तरी तुम्ही पिंप भरूनच यायचात. मी म्हणायचे, आबा, आता चाळिशी उलटली. तुम्ही म्हणायचात, "व्हय, व्हय," आणि आपल्याच तांब्यातून पाणी ओतायचात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ती तुमचीच जात. शेवटची दोन वर्षं तुम्हाला गाडी चालवता येत नव्हती, मधू आणायचा. तो घरात माझ्याकडे जेवायचा आणि तुम्ही बाहेर गाडीत, काठी मांडीवर घेऊन.

येत्या आखाजीला मधू तुमच्या नावाने पितरांची घागर भरेल. ते पाणी तुम्ही निमूट प्याल, कारण ते लेकाच्या घरचं. मी कुठे भरू? ते कुणी मला सांगितलेलं नाही.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. घरी येऊन पिशवीत दोन लुगडी टाकली आणि माठातलं पाणी बाटलीत भरून घेतलं. प्रवासाला म्हणून नव्हे. का, ते मी ह्यांनाही सांगितलं नाही. फैजपूरला पोचले तेव्हा तुम्हाला ओसरीवर उतरवून ठेवलं होतं, तोंडात तुळशीचं पान होतं, आणि सगळे एकेक करून पळीने पाणी घालत होते. मधू म्हणाला, "अक्का, घाल." मी पळी बाजूला ठेवली. बाटली उघडली, ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि तुमच्या ओठांत सोडलं. साक्रीचं. माझ्या माठातलं. मनात म्हटलं, आता म्हणा नको. धरा आडवा हात.

ते पाणी तुमच्या ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर आलं आणि हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. मी पुन्हा घातलं. ते पुन्हा आलं. मधू म्हणाला, "अक्का, आता नही जात ते." मी पदराने तुमची हनुवटी पुसली.

एवढं तरी गिळायचं होतं, आबा.